टेबल आणि कपाटाच्या मधे

१

वयात चांगलं अंतर असूनही दोघी बहिणी एकाच वर्गात शिकत होत्या. याचं धाकटीला जेवढं कौतुक, तेवढाच मोठीला संकोच. शाळा संपता संपता आईचं आजारपण निघालं, मोठी छपाईच्या दुकानात कामाला लागली, आणि आई बरी होऊन पुन्हा शिवणाच्या मशिनवर बसेपर्यंत धाकटीनं तिला गाठलं होतं. धाकटीला घरात भिंगरी म्हणत. ती एका जागी बसलेली दिसली की आई हातानं कपाळ बघायची, ताप तर नाही ना म्हणून. मोठीला मोठीच म्हणत, तिच्यासाठी दुसरं नाव शोधायचा कुणी त्रास घेतला नव्हता.

प्रोग्रॅमिंगच्या मॅडम तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारख्या. अनेकांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा, एकानं दुसऱ्याचं काम न पुसता लिहायचा, हे शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगून टाकलं की तुमचा कोड इतका दिव्य असतो की त्यावर भांडण्यातच वर्ष सरेल. तेव्हा कोड नको. जोड्या करा, दोघांच्या ओळखीची एक खोली घ्या, आणि त्या खोलीत काय काय आहे ते एका साध्या फाइलमधे लिहा, ओळीला एक वस्तू. आपापली प्रत घेऊन लिहायचं, म्हणजे झाली तुमची ब्रँच. लिहिलेलं नावानिशी जमा करायचं, म्हणजे कमिट. आणि जोडीदारानं ते वाचून मुख्य फाइलमधे मिसळायचं, म्हणजे मर्ज.

‘आणि एका कमिटमधे एकच गोष्ट,’ हे मॅडमनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. प्रवासाला निघताना काचेची बरणी आणि इस्त्रीचे कपडे एकाच पिशवीत कोंबू नयेत, पिशवी टाकायची वेळ आली तर दोन्ही जातात.

बहिणींनी अर्थातच आपली खोली घेतली. मोठीनं शहाण्यासारखं एकेक लिहिलं आणि एकेक कमिट केलं: खिडकी, आपला पलंग, कपाट, टेबल. भिंगरीनं जांभया देत, शेजारच्या मुलींशी गप्पा मारत, मनात आलं ते भराभर टाइप केलं आणि ते सगळं एकाच कमिटमधे ढकलून दिलं. कमिटला नाव द्यावं लागतं. तिनं नाव दिलं ‘सगळं’. मोठी रागावली, तर म्हणाली की तू आहेस ना वाचायला.

मोठीला भूक लागली होती, बस चुकायची भीती होती, आणि खरं सांगायचं तर आपल्या बहिणीनं लिहिलेलं काय वाचायचं असं तिला वाटलं. तिनं न वाचताच मर्ज केलं.

२

घरी आल्यावर तिनं पिशवी टेबलाखाली सरकवली, मान वर केली आणि समोर दार दिसलं.

टेबल आणि कपाटाच्या मधे जी कोरी भिंत होती, तिथे दार होतं. काही खास नव्हतं हो त्यात. कपाटाच्याच रंगाचं, ठेंगणं, खालच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे उडालेलं दार. या बाजूला ना कडी ना मूठ.  मोठी बाहेर गेली आणि मशिनपाशी बसलेल्या आईला तिनं विचारलं की आपल्या खोलीत ते दार कधीपासून आहे.

आईनं दातांतली टाचणी काढली आणि सांगितलं की असले प्रश्न विचारण्यापेक्षा हातपाय धुऊन घे. ते दार उघडत नाही, आतून बंद आहे, लहानपणी दोघींनी लाथा घालून त्याचा रंग उडवला, आणि आता पुन्हा ओढाताण नको. एवढं बोलून तिनं मशिन सुरू केलं.

मोठी खाली उतरून गल्लीत गेली आणि वर बघत उभी राहिली. खोलीची ती भिंत गल्लीच्या बाजूची. तिथे गिलावा होता, पाण्याचा पाइप होता, पाइपवर एक पारवा बसला होता. आतून ते दार कुणी उघडलं असतं तर माणूस सरळ खाली येऊन आपटला असता. मोठी हिशेबी डोक्याची. तिनं स्वतःला समजावलं की रोज डोळ्यांसमोर असतं तेच माणसाला दिसत नाही. आपण दमलोय, दार असेल पूर्वीचंच, पलीकडून विटांनी बुजवलेलं. समजूत चांगली होती, पण पटत नव्हती. तिला त्या कोऱ्या भिंतीवरचा पेन्सिलीचा ओरखडासुद्धा आठवत होता.

भिंगरीला विचारलं तर तिनं नाक पुसत खांदे उडवले. तिला सकाळपासून सर्दी झाली होती आणि कानांना दडे बसले होते. म्हणाली की दार आहेच की, तू फाइलमधे विसरलीस म्हणून मी लिहिलं. मोठीनं तिच्याकडे निरखून बघितलं. थट्टा करताना भिंगरीचा डावा गाल हमखास उडतो. आता तो जागच्या जागी होता.

दिवे लागायच्या वेळेला दोघी आपापल्या पलंगावर अभ्यासाला बसल्या. भिंगरीचा पलंग दाराला लागून. आईचं मशिन थांबलं, आणि त्या शांततेत मोठीला दारापलीकडून आवाज आला. कडी सरकवल्याचा. जेमतेम सरकली, थांबली, परत मागे गेली. गंजली आहे का ते कुणी चाचपून बघावं तशी. थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी आणखी थोडी पुढे.

भिंगरी तोंड उघडं टाकून, पुस्तक छातीवर घेऊन डुलक्या काढत होती, आणि तिचा हात पलंगावरून लोंबून दाराला टेकला होता. मोठीनं तो हात उचलून पांघरुणात घातला. मग तिला उठवून आपल्या पलंगावर नेलं. भिंगरीनं झोपेतच विचारलं की आज एवढं प्रेम का उतू चाललंय. मोठीनं सांगितलं की खिडकीपाशी नाक मोकळं होतं.

३

दुसऱ्या दिवशी भिंगरीला अंथरुणातून उठवेना. आईनं तिला घरीच ठेवलं. मोठी निघताना खोलीत डोकावली तर कडी सरकल्याचा आवाज दिवसाढवळ्या येत होता, आणि आता कडीला मागे जायची घाई नव्हती.  मोठीला दाराची तेवढी भीती नव्हती. ते उघडेल तेव्हा पहिली हाताशी लागणार ती भिंगरी, ही भीती होती.

आईला सांगून ती वेडी ठरली असती. तिनं भिंगरीला गोडीगुलाबीनं उठवून आईच्या खोलीत निजवलं आणि धावत लॅब गाठली. योगायोग म्हणा, मॅडम त्या दिवशी केलेलं उलटवायचं कसं ते शिकवत होत्या. रिव्हर्ट म्हणजे पुसणं नव्हे, त्या सांगत होत्या, त्या कमिटनं जे केलं त्याच्या बरोब्बर उलटं करणं. आणलं असेल तर नेणं, नेलं असेल तर आणणं.

मोठीनं फाइल उघडली. ओळ होती. ‘टेबल आणि कपाटाच्या मधे एक दार आहे, ते आतून बंद असतं.’ पुढे भिंगरीचं नाव, आणि कमिटचं नाव ‘सगळं’. तिच्या डोक्यात तेव्हा एकच विचार होता की भिंगरी त्याच घरात निजली आहे. मॅडमनी फळ्यावर लिहिलेली आज्ञा तिनं जशीच्या तशी टाइप केली आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली.

बसमधे तिला हसू आलं. आपण चांगल्या शिकल्यासवरल्या, आणि एक ओळ काढून भुतं उतरवायला निघालो. 

४

भिंत कोरी होती आणि तिच्यावर पेन्सिलीचा ओरखडा होता. मोठीचा जीव भांड्यात पडला. तिनं भिंतीला तळवा लावून बघितला, भिंत थंडगार होती. भिंगरीला आता वाटेल तिथे झोपू दे म्हणून ती वळली, आणि तेव्हा तिला कळलं की खोली मोठी दिसते आहे.

पलंग एकच होता.

दुसऱ्या पलंगाच्या जागी फरशी होती, लख्ख पुसलेली, पायांचे डागसुद्धा नसलेली. टेबलाचा खालचा खण तिनं ओढला. त्या खणात भिंगरीचा पसारा असतो, उघडला की परत मिटत नाही इतका. तो सहज उघडला. आत आईचे कापडाचे तुकडे घडी घालून ठेवले होते.

ती आईच्या खोलीत गेली. तिथेही कुणी नव्हतं. आई स्वयंपाकघरात दोन ताटं घेत होती. मोठीनं विचारलं, ‘भिंगरी कुठाय?’

‘कोण?’ आई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यानंच मोठीच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं पुन्हा विचारलं, ओरडून विचारलं. आईनं गॅस बंद केला, जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावला, पदराला नाक पुसायच्या वयात जसं जवळ घ्यायची तसं घेतलं, आणि म्हणाली की एकटीच्या जिवावर किती ओढशील, आजच्या दिवस नको करूस अभ्यास. मोठी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. मशिनवर एक शर्ट अर्धा शिवून पडला होता. अरुंद खांद्यांचा, लांब बाह्यांचा. मोठीच्या अंगात तो जन्मात गेला नसता.

हा कुणाचा, तिनं विचारलं.

आई मशिनपाशी गेली. शर्ट उचलून तिनं उलटसुलट बघितला, बाही आपल्या हाताशी लावून मापली. ‘काय माहीत बाई,’ ती म्हणाली. ‘सकाळी बसले आणि हात आपले शिवत गेले.’ तिनं तो खाली ठेवला, पण सोडला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते का येतंय ते तिला कळेना, म्हणून ती हसायला लागली.

मोठीनं चपला घातल्या न घातल्या आणि ती जिना उतरली.

५

मॅडम लॅबला कुलूप लावतच होत्या. मोठीचं तोंड बघून त्यांनी काही न विचारता ते परत उघडलं. मोठीला धाप लागली होती. काय सांगणार ती? एवढंच म्हणाली की मी भलतंच उलटवलं, मॅडम, माझं सगळं गेलं.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि ‘सगळं’ हे कमिट उघडून तिच्यापुढे धरलं. त्यात दाराची ओळ होती. आणि तिच्याखाली: भिंतीकडेचा पलंग. खालचा खण, जो मिटत नाही. दाराआडच्या चपला, ज्या ताई रोज नीट ठेवते. आणि शेवटी, ‘या खोलीत मी राहते.’

मोठीनं तोंडाला ओढणी लावली.

‘घाबरू नकोस,’ मॅडम म्हणाल्या. ‘इथे टाकलेलं काही हरवत नाही. तू केलेलं उलटं पुन्हा उलटं कर, होतं तसं येईल. नाहीतर दार नको असेल तर तेवढं सोडून बाकीच्या ओळी हातानं लिहून काढ. किती वेळ लागतो?’

मोठीची बोटं कीबोर्डवर गेली. ‘या खोलीत’ एवढं तिनं लिहिलंसुद्धा, आणि मग ती थांबली. ही ओळ मी लिहिली तर ती माझी होईल. मी भिंगरी लिहीन ती शहाणी लिहीन, वेळेवर उठणारी, माझ्या वस्तूंना हात न लावणारी. माझ्या हातची भिंगरी तिला नको होती. भिंगरीच्याच हातची भिंगरी हवी होती, सर्दी आणि पसारा आणि दारासकट.

तिनं लिहिलेलं पुसलं आणि उलट्याचं उलटं केलं. मॅडम पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की उद्या ये आणि दाराची ती एक ओळ तेवढी वेगळी काढून टाक, मग सगळी पिशवी टाकायची भीती नाही. आज घरी जा.

६

जिन्यातच शिंक ऐकू आली. भिंगरी मधल्या खोलीत नव्या शर्टाच्या बाहीत हात अडकवून बसली होती आणि आईशी हुज्जत घालत होती की बाह्या लांब झाल्यात. मोठीनं तिला घट्ट धरलं. भिंगरी म्हणाली, ‘ताई, सर्दी लागेल,’ आणि मग, ‘ताई, मेले मी, सोड,’ आणि तरी मोठीनं सोडलं नाही. त्या संध्याकाळी भिंगरीनं तिची उशी घेतली, तिच्या वाटचं दूध पिऊन टाकलं, तिच्या पेनचं टोपण चावलं, आणि मोठी नुसती बघत बसली. आई म्हणाली की आज या घरात कुणाचं तरी डोकं फिरलंय.

दार होतं. दोघी आईजवळ निजल्या. खोलीतून रात्रभर आवाज आला नाही.

सकाळी भिंगरी उठून चहाला गेली. पुस्तकं घ्यायला मोठीला खोलीत जावंच लागलं. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं, त्यामुळे तिला जरा धीर आला होता. ती पुस्तकं गोळा करत होती आणि बाहेर भिंगरी साखर कमी पडली म्हणून कटकट करत होती.

दार हाताच्या पंजाएवढं उघडं होतं.

गल्ली दिसायला हवी होती. पाइप, पारवा. दिसली ती खोली, हीच, उन्हाशिवाय. खिडकीपाशी मोठीचा पलंग नव्हता, तिथे नुसती फरशी होती. भिंतीकडेच्या पलंगावर, कालचेच चुरगळलेले कपडे घातलेली, हातात बोळा झालेला रुमाल घेऊन भिंगरी बसली होती. तिचे डोळे रडून सुजले होते. तिच्या पाठीमागे, टेबल आणि कपाटाच्या मधे, तसंच एक दार होतं. त्याच्या पलीकडून कडी सरकल्याचा आवाज येत होता, आणि तिनं पाय पोटाशी घेतले होते.

तिनं मान वळवली. फटीकडे बघितलं, पण तिला काही दिसत असेल असं वाटलं नाही.

‘ताई?’ ती हळूच म्हणाली.

‘ताई, चहा निवतोय!’ स्वयंपाकघरातून भिंगरी ओरडली.

मोठीला हाक कुणाची खरी असा प्रश्न क्षणभर पडला, आणि तो पडल्याची तिला लाज वाटली. तो सर्दीतला सूर, ते ‘ताई’तलं ओढणं, तिला पाठ होतं. दोघीही भिंगरीच होत्या, एक काल उलटवल्यानं पलीकडे नेलेली, एक उलट्याचं उलटं करून आणलेली. ‘आले,’ ती म्हणाली. दोघींना म्हणाली.

७

लॅबमधे मॅडमनी स्वतः फाइल उघडून दिली आणि दाराच्या ओळीवर बोट ठेवलं. ही एवढी काढ, कमिट कर, की सुटलीस. पलीकडच्या खुर्चीवर भिंगरी चोळामोळा झालेला रुमाल नाकाला लावून शेजारणीला कसलीशी चावट गोष्ट सांगत होती.

मोठीनं ओळ निवडली. ती निळी झाली. आता एक बटण दाबलं की भिंत कोरी. भिंगरी आपल्या पलंगावर सुखानं घोरेल आणि कडीचा आवाज पुन्हा कधी यायचा नाही. पलीकडे जी पाय पोटाशी घेऊन बसली आहे तिला हे कळणारसुद्धा नाही. कुणाला काही कळण्याइतकं तिथे उरणारच नाही. काल आईच्या हातात तो शर्ट होता आणि डोळ्यांत पाणी होतं, ते मोठीला आठवलं. तिच्यासाठी तर तेवढंही कुणी रडणार नव्हतं.

तिनं निवडलेली ओळ सोडून दिली.

त्या पोरीच्या पाठीमागे आणखी एक दार आहे, आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी कडी काढतंय, हे मोठी विसरली नव्हती.  बहीण लिहायची नव्हतीच, बहीण होती. तिला लागणार होती फक्त जागा. मोठीनं फाइलच्या शेवटी एक नवी ओळ लिहिली, लिहिलेलं दोनदा वाचलं, आणि कमिट केलं.

मॅडम चष्मा सरसावून वाकल्या. ‘या खोलीत तीन पलंग आहेत,’ त्यांनी वाचलं. मग भिंगरीकडे बघितलं, मोठीकडे बघितलं आणि विचारलं, ‘तुम्ही बहिणी किती गं?’

मोठीनं आधी मर्ज केलं.

‘तीन,’ ती म्हणाली.